कळंबे सरांचा बेस आणि मोहगावची घरघर

सुखदेव कळंबे सरांची मागणी काही जगावेगळी नव्हती. माणूस बावीस वर्षं एक वाद्य वाजवतो, तर ते कोणाला तरी, कधी तरी, चुकून का होईना, ऐकू यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. सौंसरच्या त्यांच्या भजन मंडळात ढोलकी ऐकू येते. बापूजींची पेटी ऐकू येते. टाळवाले पाच आहेत, त्यांतले दोघं ठेका सोडून वाजवतात, तेही चांगलं ऐकू येतं. ऐकू येत नाही ती एकट्या कळंबे सरांची बेस गिटार. चार जाड तारा आणि खालचा गंभीर सूर. अख्ख्या भजनाचा पाया त्या सुरावर उभा असतो, असं सर सांगतात. बाकीचे यावर काही बोलत नाहीत, कारण पाया कोणी खणून पाहत नाही.

मागच्या गणपतीत आरती झाल्यावर एका बाईंनी त्यांना सरळ विचारलं होतं, "सरजी, तुमी ते वाजवता का नुसतं धरून उभे राह्यता?" विचारण्यात खोडी नव्हती, हेच वाईट. खोडी असती तर सरांनी उत्तर तरी दिलं असतं. तीस वर्षं मुलांना गणित शिकवलेला माणूस, खोडीला उत्तर देता येतं त्यांना. पण बाईंना खरंच जाणून घ्यायचं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर भागलं असतं. पण मंगळवारच्या तालमीत बापूजींनी विषय काढला. बापूजी म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, मुख्य गायक आणि पेटीवादक. नोकरीत पटवारी होते, जमिनी मोजणारे, त्यामुळं स्टेजवर कोणी किती जागेत उभं राहायचं हेही तेच ठरवतात.

"सरजी, वाईट नका मानू," बापूजी म्हणाले. आता असं म्हटल्यावर वाईटच ऐकायला मिळतं, हे सरांना ठाऊक होतं. "आपल्या गल्लीतल्या शिवानीचा कीबोर्ड येऊन राह्यला मंडळात. त्याच्यात म्हणे डाव्या हातानं बेस बी निघते. मंग तुमी कायले एवढं वजन खांद्यावर घेऊन उभे राह्यता? टाळ घ्या."

"टाळ?" सर म्हणाले.

"सहा टाळ होतील. जोड्या जमतात." मग सरांचा चेहरा पाहून बापूजींना जरा दया आली. "बरं, असं करू. मोहगावले सप्ताह हाय. काल्याच्या दिवशी दुपारी आपलं भजन. तिथं लोकायले तुमचा बेस समजला, तं राहू द्या. नाई समजला तं टाळ. हाय का कबूल?"

सर कबूल म्हणाले, कारण दुसरं काय म्हणणार? हातात तीन आठवडे होते.  सहाव्या टाळाचा माणूस म्हणून मरायचं, ही कल्पनाच त्यांना सोसेना.

अशा वेळी मोबाईल माणसाला बरोबर गाठतो. दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत सरांना एक व्हिडिओ दिसला. कोणी एक दाढीवाला बेस वाजवत होता, साधाच, आपल्यासारखाच. मग त्यानं पायाजवळच्या लोखंडी डबीवर पाय दिला आणि वाघानं गळा मोकळा करावा तसा बेस गुरगुरला. समोरची माणसं चीत. सरांनी तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. आठव्या वेळी घंटा झाली. त्या डबीला पेडल म्हणतात, ते असतं गिटारवाल्यांचं, पण बेसवालेही वापरतात, एवढी माहिती काढून सरांनी जुन्या सामानाच्या एका साईटवरून पेडल मागवलं. बायकोला, म्हणजे उर्मिलाबाईंना, सांगितलं, "शाळेचं काही सामान येऊन राह्यलं." उर्मिलाबाई तेव्हा तूर निवडत होत्या. त्या "येऊ द्या" म्हणाल्या.

ते आलं नाही. म्हणजे आलं, पण सौंसरला आलं नाही, पांढुर्ण्याला जाऊन पडलं. सरांनी पत्त्यात जिल्हा पांढुर्णा लिहिला होता. सौंसर आता पांढुर्णा जिल्ह्यात गेलं आहे, आणि गणिताचा माणूस अर्धवट पत्ता लिहीत नाही. कुरियरवाल्यांनी गावाचं नाव वाचलंच नाही. एक दिवसाची किरकोळ रजा टाकून सर बसनं पांढुर्ण्याला गेले. तिथल्या काउंटरवरच्या माणसानं आधार कार्ड घेतलं, पार्सल पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं.

"पार्सलवर जिल्हा पांढुर्णा. आधारवर छिंदवाडा. मंग हे तुमीच कशावरून?"

"तवा जिल्हा छिंदवाडा होता. आता पांढुर्णा झाला."

"मंग तुमी घर बदललं?"

"नाई. मी तिथंच हावो. जिल्हा बदलला."

"आधार अपडेट करून आणा, सरजी. मले वरून विचारतात."

सरांनी वीस मिनिटं समजावलं. एक बिंदू स्थिर असून भोवतालच्या रेषा सरकल्या तर बिंदूचा दोष कसा नसतो, हे कागदावर काढूनही दाखवलं. माणसानं तो कागद नीट घडी करून फाईलला लावला आणि "पुढचे" म्हणाला. शेवटी रांगेत मागं उभा असलेला एक आडदांड गडी पुढं आला. "अरे, हे कळंबे सर व्हय. सौंसरचेच. मले नववीत दोनदा नापास केलं यायनं."

"दोनदा?" काउंटरवाल्यानं विचारलं.

"लागोपाठ."

एवढा पुरावा त्याला पुरला. पार्सल हातात आलं. त्या गड्यानं वरची चिठ्ठी वाचून विचारलं, "एकच पेडल, सर? सायकलीचं दुसरं कधी येऊन राह्यलं?" सरांनी पार्सल पिशवीत टाकलं. ओळख पटवल्याबद्दल त्याचे आभार मानले आणि बस धरली. नापास केल्याबद्दल कोणाचे आभार मानायची वेळ आयुष्यात आली नव्हती, ती आली.

घरी येऊन पाहतात तो पेडलला वीज द्यायचा अॅडाप्टर डब्यात नव्हता. आता शेजारी वीरेंद्र राहतात. वीज खात्यातून लाईनमन म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून गल्लीतल्या प्रत्येक तारेवर त्यांचा हक्क. सरांनी पेडल झाकायच्या आत ते आत आले, उलटून पाहिलं आणि म्हणाले, "नऊ व्होल्ट? काईच दिक्कत नाई. आमच्या टीव्हीच्या डबीचा अॅडाप्टर हाय, चालते."

"वीरेंद्रभाऊ, याच्यात आतली बाजू मायनस लागते म्हणून लिहिलं हाय. तुमच्या अॅडाप्टरची कोणती हाय?"

"सरजी, अकरा हजारच्या लाईनीवर चढलो हावो मी. हे काय सांगता?"

अकरा हजारच्या लाईनीवर चढलेल्या माणसापुढं नऊ व्होल्टची शंका काढणं बरं दिसत नाही. पिन लावली. पेडलचा दिवा लागला नाही. अॅडाप्टरमधून मात्र वांगं भाजताना येतो तसा वास आला आणि बारीकसा धूर. पेडल वाचलं, अॅडाप्टर गेला. त्याबरोबर वीरेंद्रभाऊंचा टीव्ही गेला आणि त्यांच्या अमिताबाईंची साडेसातची मालिका गेली. नायिकेला शुद्ध येणार होती, नेमका तो दिवस. अमिताबाई चार दिवस उर्मिलाबाईंशी बोलल्या नाहीत, आणि वीरेंद्रभाऊ गल्लीभर सांगत फिरले की सरांनी कायची तरी विदेशी मशीन आणली आहे, ती करंट पिते.

मग सरांनी चौकोनी बॅटरी शोधली. ती सौंसरच्या चौथ्या दुकानात मिळाली. पेडलचा लाल दिवा लागला. त्यांनी दार लावलं, गिटार पेडलमधून स्पीकरला जोडली, सगळ्यात जाड तार छेडली आणि पेडलवर पाय दिला.

वाघ आला नाही. डास आला. बारीक, चिरका, कानाजवळ फिरणारा. बेसमधला जो काही खालचा भारदस्त आवाज होता तो पेडलनं चाळून फेकून दिला आणि वरचं तेवढं पुढं सोडलं. बावीस वर्षं निदान ऐकू न येणारा गंभीर सूर तरी होता, आता तोही राहिला नाही. सर पलंगावर बसले. त्यांना इतका थकवा आला की पेडल बंद करायलाही वाकवेना, आणि बॅटरी रात्रभर जळत राहिली.

सकाळी त्यांनी नागपूरला वैभवला फोन लावला. वैभव हा उर्मिलाबाईंच्या बहिणीचा मुलगा, लग्नांतून गिटार वाजवतो.

"मावसाजी, ते गिटारचं पेडल व्हय," वैभव म्हणाला. "बेसले चालते, पण तळ कापते. तुमाले अजून एक डबी लागंन. एक रस्ता पेडलमधून जाते, एक रस्ता साधा बाजूनं जाते, आन पुढं दोन्ही मिसळते. साध्या रस्त्यानं तळ येते, पेडलातून गुरगुर येते. माझ्याजवळ पडून हाय, बसवाल्याजवळ देतो."

सरांना रस्त्याचं हे गणित एकदम पटलं. दोन नळांनी एक हौद भरण्यातलंच ते होतं. वैभवनं डबी सकाळच्या बसच्या ड्रायव्हरजवळ दिली, सरांना गाडीचा नंबर सांगितला, सर पाऊण तास आधी स्टँडवर जाऊन उभे राहिले. बस आली. ड्रायव्हर बोरगावलाच उतरून जेवायला गेला होता आणि गाडी दुसऱ्यानं आणली होती. दुसऱ्याला डबीचं काही माहीत नव्हतं. डबी सीटखाली बसून छिंदवाड्याला गेली, तिथं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर सर तीनदा स्टँडवर जाऊन आले. चहावाल्यानं विचारलं, "सर, कोणी पाहुणे येऊन राह्यले का?" सर हो म्हणाले. काय सांगणार?

पण डबी जोडली आणि मग मात्र आवाज आला. मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या थरथरल्या. सरांच्या छातीत तो आवाज उतरला. असा आवाज आपल्या बोटांतून निघू शकतो यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी एक अख्खं भजन डोळे मिटून वाजवलं, आणि डोळे उघडले तेव्हा दारात वीरेंद्रभाऊ उभे होते.

"सरजी, बोअरची मोटर बंद करा लवकर. कोरडी चालून राह्यली, जळन."

"मोटर नाई ते, वीरेंद्रभाऊ."

"मले नका सांगू. बेअरिंग गेलं तिचं."

सर हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले. त्यांना वाटलं, वीरेंद्रभाऊंना संगीतातलं काय कळतं? इथंच ते चुकले.

काल्याच्या दिवशी मोहगावला मांडव गच्च भरला होता. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, मागं कढया चढलेल्या. साउंड चिंधूचा होता. चिंधू बोरगावचा, गळ्यात दुपट्टा, कानावर टेस्टर, आणि आपल्या मशीनवर, म्हणजे अॅम्प्लिफायरवर, पोटच्या पोरासारखा जीव. सप्ताहाचे सातही दिवस त्याची मशीन एकदाही कुईं म्हणाली नव्हती आणि तो ते सगळ्यांना सांगत होता. सरांची वायर त्यानं इतर वायरींबरोबर मशीनला लावली. पायाजवळच्या दोन डब्या सरांनी दुपट्ट्यानं झाकून ठेवल्या होत्या, कोणी काही विचारू नये म्हणून. उर्मिलाबाई बायांमध्ये तिसऱ्या ओळीत बसल्या होत्या.

पहिलं भजन सरांनी साधंच वाजवलं. कोणाला ऐकू आलं नाही. दुसरं भजन उठलं, बापूजींनी तान घेतली, आणि सरांनी दुपट्ट्यावर पाय दिला.

मांडवभर माना वळल्या. पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यानं कानाला हात लावला. बायांमध्ये कुजबुज झाली. कोणी इकडं पाहतं, कोणी वर पाहतं, कोणी बॉक्सकडं बोट दाखवतं. बावीस वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं. सरांचं मन भरून आलं. त्यांनी डोळे मिटले आणि जीव ओतून वाजवलं.

डोळे उघडले तेव्हा चिंधू बादली घेऊन धावत होता. अर्थिंगच्या सळईवर त्यानं पाणी ओतलं. घरघर गेली नाही. मग त्यानं डावा बॉक्स हलवला, उजवा हलवला, बापूजींचा माईक बदलला. त्या भानगडीत बापूजी अर्धं कडवं बिनमाईकचे गायले आणि त्यांचा चेहरा उतरला. मग चिंधूनं मागं जाऊन चटणीचा मिक्सर बंद करायला लावला, तिथल्या बाया त्याला रागावल्या. भजन संपलं, घरघर थांबली. तिसरं सुरू झालं, घरघर सुरू झाली.

"भजन थांबलं का थांबते, भजन लागलं का लागते," चिंधू घाम पुसत सप्ताहवाल्यांना सांगत होता. "लोडची गडबड हाय. लोड आला का मशीन ओरडते."

आता सरांनी हात वर करून सांगायला हवं होतं की बाबा रे, ही घरघर नव्हे, हा माझा बेस आहे. पण चारशे लोकांसमोर ते म्हणायचं कसं? म्हणजे आपल्या कलेला आपणच घरघर म्हणायचं. पाय काढून घेतला तर बेस पुन्हा मुका, आणि बापूजींचा टाळ तयारच. सर तसेच वाजवत राहिले. लाजेनं त्यांचे कान तापले होते. तेवढ्यात चिंधू मशीनमागं बसला आणि एकेक पिन उपटून पाहू लागला. पहिली पिन, ढोलकी गेली. परत लावली. दुसरी, टाळ गेले. चौथी पिन उपटली, घरघर गेली. भजन जसंच्या तसं चालू.

मांडवात टाळ्या पडल्या. चिंधूनं ती पिन दूर फेकली, कोणाची होती हे पाहिलंही नाही.

त्यानंतर तीन भजनं झाली. तिन्ही भजनं कळंबे सरांनी वाजवली, बोटं तारांवर तशीच फिरवत, कारण हात थांबवला असता तर सगळ्यांना कळलं असतं. आवाज त्यांना स्वतःलाही येत नव्हता.

पुढं काल्याची दहीहंडी फुटली आणि सत्कार सुरू झाले. सप्ताहाच्या शेवटी मंडपवाल्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना शाल-श्रीफळ असतं, ती तिथली रीतच. सूत्रसंचालकानं माईक हातात घेतला. "मंडळी, आज ऐन भजनात मशीननं धोका दिला. पण आपल्या चिंधूभाऊनं हिंमत हारली नाई. घरघर शोधून काढली! त्यायचा सत्कार भजन मंडळातले ज्येष्ठ, आदरणीय कळंबे सर यांच्या हस्ते होईल."

सर उठले. चिंधूच्या खांद्यावर त्यांनी शाल घातली, हातात नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "सर, दोन शब्द," म्हणून सूत्रसंचालकानं माईक त्यांच्याच हातात दिला.

माईक चालू होता. चिंधूची मशीन एकदम साफ. सरांनी एक श्वास घेतला तर तोही मांडवभर ऐकू आला. त्यांना वाटलं, आता नाही बोललो तर पुन्हा कधी बोलणार?

"मले एक सांगाचं हाय," ते म्हणाले. "मघाशी जे घरघर येत होती, ते मशीनची नव्हती. ते माझी होती. मी वाजवून राह्यलो होतो. चिंधूनं उपटली ते वायर माझी होय."

 पुढच्या ओळीतला म्हातारा हसला, मग सगळा मांडव हसला, आणि मग टाळ्या पडल्या, चिंधूला पडल्या होत्या त्याच्या दुप्पट. सूत्रसंचालकानं माईक परत घेतला. "पहा मंडळी! गरिबाच्या मशीनचा दोष सर आपल्या अंगावर घेऊन राह्यले! असे गुरुजी आता भेटतात कुठं?" चिंधूनं नारळासकट सरांचे पाय धरले. "सर, मशीन जुनी हाय माझी," तो हळूच म्हणाला, "तुमी लाज राखली."

सर खाली येऊन बसले. खरं बोलल्याबद्दल एवढ्या टाळ्या आणि विश्वास एकाचाही नाही.

महाप्रसादाच्या पंगतीत बापूजी मुद्दाम शेजारी येऊन बसले. त्यांनी पुरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "सरजी, मानलं तुमाले. आज पह्यल्यांदा तुमचा बेस मले समजला. ते घरघर गेल्यावर शेवटचे तीन भजनं काय साफ वाजवले! कोणाले तरास नाई, काई नाई. असाच वाजवत जा. टाळाचं राहू द्या."

सरांनी वांग्याच्या भाजीकडं पाहिलं. "हो जी," म्हणाले आणि जेवले. जागा राहिली होती. ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला ते पदरात पडलं होतं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

उन्हं उतरायला लागल्यावर सर स्कूटरनं सौंसरकडं निघाले. मागं उर्मिलाबाई, त्यांच्या मांडीवर गिटार आडवी. दोन्ही बाजूंना संत्र्यांचे बगीचे. 

"ते तुमीच होते ना?" उर्मिलाबाईंनी विचारलं.

"काय?"

"घरघर."

सरांचा ब्रेकवरचा पाय दाबला गेला. "तुले कसं समजलं? मी माईकवर सांगतलं तं सारे हासले."

"माईकवर सांगाच्या आधीच समजलं मले. कडवं संपून धृपदावर परत येताना तुमी घाई करता. घरी वाजवता तवा करता, गणपतीत करता, सगळीकडं करता. ते घरघर बी तिथंच घाई करून राह्यली होती. मी म्हटलं, हे मशीन नव्हे बाई, हे आपलेच हायेत."

सरांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"बावीस वर्षं ऐकून राह्यली तू?"

"मंग? कान काय घरी ठेवून येतो का मी?"

"घाई करतो म्हणून कधी सांगतलं नाई."

"तुमी कधी विचारलं?"

 सर मान न वळवता म्हणाले, "किती घाई करतो? दाखव."

उर्मिलाबाईंनी गिटार एका हातानं सावरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी सरांच्या पाठीवर ठेका धरला. आधी पाहिजे तसा, मग ते वाजवतात तसा.

"पुन्हा दाखव," सर म्हणाले.